प्रसूतीच्या कळा : ओळख, धीर आणि सोबत

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विकास व आरोग्य विभागातील कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल सुखरूप जन्माला आले म्हणजे 'बाई सुटली', 'मोकळी झाली' असे म्हणण्याची पद्धत मराठीत पूर्वापार चालत आली आहे. या दोन शब्दांत आनंद आहे, तसेच त्यापूर्वीच्या काही तासांचे भयही दडलेले आहे. हे तास कसे जातात, कळ म्हणजे नेमके काय, ती का येते, ती सोसताना शरीराला व मनाला कशाचा आधार मिळू शकतो, याविषयी मात्र घरात, शाळेत अथवा ग्रामसभेत फारसे कोणी बोलत नाही. पहिलटकरणीला जे कळते ते शेजारपाजारच्या अर्धवट कथांतून. त्या कथांत अडलेल्या बाळंतिणी असतात, रक्तस्राव असतो, मृत्यू असतो. ज्या असंख्य स्त्रिया धडधाकटपणे बाळंत झाल्या त्यांची कथा कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही असे समजले जाते. परिणामी आयुष्यातील एका मोठ्या प्रसंगाला आपली कन्या, सून अथवा भगिनी अज्ञानाने सामोरी जाते.

हा विषय केवळ स्त्रियांचा अथवा केवळ डॉक्टरांचा नाही. कळा सुरू झाल्या हे वेळीच ओळखणे, वाहन मिळणे, रस्ता चालू असणे, रुग्णालयात सन्मानाची वागणूक मिळणे आणि जवळ विश्वासाचे माणूस असणे, या पाचही गोष्टी गावाच्या व शासनाच्या व्यवस्थेशी निगडित आहेत.

कळ म्हणजे काय?

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला एक बळकट अवयव आहे. वरचा भाग जाड, खालचा पातळ आणि अगदी खाली घट्ट मिटलेले तोंड, अशी त्याची रचना असते. दिवस भरले म्हणजे हा स्नायू ठरावीक अंतराने आकुंचन पावू लागतो. आकुंचनाची सुरुवात वरच्या भागात होते व ते खाली पसरते. इतर स्नायू आकुंचनानंतर पूर्ववत लांब होतात. गर्भाशयाच्या स्नायूचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक आकुंचनानंतर त्याचे तंतू पूर्वीपेक्षा किंचित आखूडच राहतात. त्यामुळे प्रत्येक कळ मागच्या कळेने केलेले काम जपून ठेवते. वरचा भाग हळूहळू जाड होत जातो, खालचा भाग वर ओढला जातो, तोंड पातळ होऊन उघडू लागते आणि बाळ खाली सरकते. हे तोंड सुमारे दहा सेंटिमीटर उघडले म्हणजे बाळाचे डोके बाहेर येण्यास वाट मिळते.

या आकुंचनास चालना देणाऱ्या द्रव्यांत ऑक्सिटोसिन हे प्रमुख होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ते रक्तात सोडले जाते. या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दाखवून दिले. पुढे व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले व १९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाळाचे डोके गर्भाशयाच्या तोंडावर दाबले जाते तसतसे हे द्रव्य अधिक स्रवते, अधिक स्रवले की कळ जोराची येते आणि जोराच्या कळेने डोके आणखी दाबले जाते. प्रसूती पुढे पुढे वेग का घेते, याचे उत्तर या चक्रात आहे.

वेदना का होतात, याचीही कारणे स्पष्ट आहेत. आकुंचनाच्या वेळी स्नायूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण कमी होतो. गर्भाशयाचे तोंड व खालचा भाग ताणला जातो. शेवटी योनिमार्ग व आसपासचे स्नायू ताणले जातात. या वेदना म्हणजे शरीरात काही बिघडल्याची खूण नव्हे. अवयव आपले काम करीत असल्याची ती खूण आहे. हा एक फरक गर्भवतीला समजावून सांगितला, तरी तिच्या मनावरील अर्धा भार हलका होतो.

कळ कशी जाणवते?

सर्व स्त्रियांना कळ एकसारखी जाणवत नाही. एकाच स्त्रीच्या दोन बाळंतपणांतही फरक असतो. तरीही बहुतेकींच्या अनुभवात काही समान धागे आढळतात. आरंभी पाळीच्या वेळी ओटीपोट दुखते तसा ठणका जाणवतो. कोणाला पोटात मुरडा आल्यासारखे वाटते, कोणाची कंबर भरून येते, कोणाच्या मांड्यांपर्यंत ओढ लागते. पुष्कळदा वेदना कमरेत सुरू होऊन पुढे ओटीपोटाकडे येते. पोटावर हात ठेवला तर ते घट्ट होत चालल्याचे हाताला कळते. अनुभवी परिचारिका या घट्टपणाची तुलना चेहऱ्याशी करतात : सौम्य कळेत पोट नाकाच्या शेंड्याइतके, मध्यम कळेत हनुवटीइतके आणि जोराच्या कळेत कपाळाइतके टणक लागते.

कळ एकदम येऊन एकदम जात नाही. ती घाटासारखी आहे. हळूहळू चढ लागतो, माथा येतो आणि मग उतार. माथ्यावरचा काळ सर्वांत कठीण, परंतु तो अर्ध्या मिनिटाहून क्वचितच अधिक असतो. दोन कळांच्या मध्ये वेदना जवळजवळ पूर्ण थांबते. स्त्री त्या वेळी बोलू शकते, पाणी पिऊ शकते, कित्येकदा डुलकीही घेते. हा मधला विसावा बाळासाठीही अत्यावश्यक आहे. कळेच्या वेळी वारेकडे जाणारे रक्त कमी होते व विसाव्यात ते पुन्हा भरून येते.

येथे एक साधा हिशेब मांडण्यासारखा आहे. सुरुवातीस दहा मिनिटांनी एक कळ येते व ती चाळीस सेकंद टिकते असे धरले, तर एका तासात प्रत्यक्ष वेदनेचा काळ चार मिनिटे होतो. पुढे दर तीन मिनिटांनी एक मिनिटाची कळ येऊ लागली, तरी तासात वीस मिनिटे वेदना आणि चाळीस मिनिटे विश्रांती असा वाटा पडतो. 'बारा तास सतत दुखत होते' असे ऐकून घाबरलेल्या मुलीला हा हिशेब समजावून सांगितला पाहिजे. तिला बारा तासांचा डोंगर एकदम चढायचा नसतो. एका वेळी एकच कळ ओलांडायची असते.

खऱ्या कळा व खोट्या कळा

शेवटच्या काही आठवड्यांत पोट अधूनमधून घट्ट होते व पुन्हा सैल पडते. या आकुंचनांचे वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये केले व आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात. त्या अनियमित असतात, वाढत जात नाहीत आणि चालणे, कूस बदलणे, पाणी पिणे अथवा लघवी करून येणे यांनी बहुधा शमतात.

खऱ्या कळा नियमित असतात. त्यांच्यातील अंतर कमी होत जाते, मुदत वाढत जाते, जोर वाढत जातो आणि चालल्याने अथवा पडून राहिल्याने त्या थांबत नाहीत. रक्ताची झाक असलेला चिकट स्राव अंगावरून जाणे, अथवा पाणमोट फुटून पाणी जाणे, याही प्रसूती जवळ आल्याच्या खुणा होत. घड्याळ जवळ ठेवून एका कळेच्या आरंभापासून दुसऱ्या कळेच्या आरंभापर्यंतचा वेळ कागदावर टिपून ठेवणे, ही घरातील कोणत्याही साक्षर माणसाला करता येण्यासारखी सेवा आहे. शहरात, रुग्णालय जवळ असताना, पाच पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत पहिलटकरीण घरी थांबू शकते. डोंगरातील पाड्यावर, पावसाळ्यात ओढे भरलेले असताना अथवा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतपणात एवढी वाट पाहणे धोक्याचे ठरते.

प्रसूतीचे टप्पे

प्रसूतीचा पहिला टप्पा हा गर्भाशयाचे तोंड उघडण्याचा होय. त्याचा पूर्वार्ध संथ असतो. तो कित्येक तास, क्वचित एखादा दिवसही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून प्रसूतीचा सक्रिय काळ मानला जातो. पहिल्या खेपेस हा काळ सामान्यतः बारा तासांपेक्षा व पुढील खेपांस दहा तासांपेक्षा अधिक लांबत नाही. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक सर्व स्त्रियांना लागू पडत नाही, असेही या तत्त्वांत स्पष्ट केलेले आहे. आई व बाळ यांची प्रकृती उत्तम असेल, तर केवळ घड्याळाकडे पाहून घाई करण्याचे कारण नाही.

पहिल्या टप्प्याची अखेर सर्वांत कठीण असते. कळा दोन-तीन मिनिटांवर येतात व मिनिटभर अथवा त्याहून अधिक टिकतात. अंग थरथरते, उलटी होते, कधी घाम फुटतो तर कधी थंडी वाजते. आतापर्यंत शांत असलेली स्त्री एकाएकी चिडते, रडते, 'आता माझ्याने होणार नाही' असे म्हणते. नेमक्या याच क्षणी तिला रागावले जाते. वास्तविक हे उद्गार दुबळेपणाचे लक्षण नसून सुटका जवळ आल्याची खूण असतात. जवळच्या व्यक्तीने हे जाणून 'थोडेच राहिले' असे तिला सांगितले, तर ते खोटे आश्वासन ठरत नाही.

दुसऱ्या टप्प्यात वेदनेचे स्वरूप पालटते. बाळाचे डोके खाली दाबू लागल्याने शौचास लागल्यासारखी भावना होते. संकोचाने पुष्कळ स्त्रिया हे कोणाला न सांगता शौचालयाकडे जातात व तेथेच प्रसूतीचा प्रसंग ओढवतो. म्हणून कळा जोरात असताना अशी भावना झाल्यास तिने ती तत्काळ परिचारिकेला सांगावी. आतून जोर करण्याची ऊर्मी आली म्हणजे कळेबरोबर जोर करावा व कळ ओसरली की सैल पडावे. तोंड पूर्ण उघडण्यापूर्वी 'जोर कर' असा आग्रह धरणे व्यर्थ असते. त्याने स्त्री थकते व इजाही होऊ शकते. डोके दिसू लागते तेव्हा जळजळ होते. त्या वेळी जोर थांबवून तोंडाने लहान लहान श्वास सोडल्यास त्वचा फाटण्याचा संभव कमी होतो.

तिसऱ्या टप्प्यात वार पडते. या वेळच्या कळा सौम्य असतात. पुढे दोन-तीन दिवस, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना, पोटात पुन्हा कळा येतात. गर्भाशय आकसून पूर्ववत होत असल्याचे ते लक्षण आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या अधिक जाणवतात.

कळा सोसण्याचे उपाय

ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ मध्ये असा विचार मांडला, की भीतीमुळे शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने भीती दुणावते. फ्रान्समधील डॉक्टर फेर्नां लमाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात पाहिलेल्या पद्धतीच्या आधारे श्वसन व शिथिलीकरण यांचे शिक्षण आपल्या देशात सुरू केले. वेदना ही केवळ भीतीचीच निर्मिती आहे, असे मानणे योग्य होणार नाही. स्नायूची वेदना खरीच असते. परंतु भीती कमी झाली म्हणजे तीच वेदना सोसणे सुकर होते, हे मात्र सर्वमान्य आहे.

पहिला उपाय श्वासाचा. कळ येऊ लागली की एक दीर्घ श्वास घ्यावा व चार अंक मोजून नाकाने श्वास आत, सहा अंक मोजून तोंडाने बाहेर, अशी लय धरावी. सोडण्याचा श्वास घेण्याच्या श्वासापेक्षा लांब असावा. फार जलद श्वास घेतल्यास बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, भोवळ येते; तसे झाल्यास गती कमी करावी. श्वास सोडताना जबडा, खांदे व मुठी सैल सोडण्याकडे लक्ष द्यावे. ओरडू नये म्हणून ओठ घट्ट आवळून धरण्यापेक्षा कण्हणे, गुणगुणणे, नामस्मरण करणे अथवा एखादी ओवी-अभंग म्हणणे हिताचे. त्यायोगे श्वास आपोआप लांबतो.

दुसरा उपाय हालचालीचा. पाठीवर उताणे पडून राहणे ही कळा सोसण्याची सर्वांत गैरसोयीची रीत होय. त्या स्थितीत गर्भाशयाचा भार पाठीमागील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. फेऱ्या मारणे, भिंतीला अथवा खिडकीला धरून पुढे झुकणे, उकिडवे बसणे, गुडघे व हात टेकून राहणे, डाव्या कुशीवर निजणे यांपैकी जे बरे वाटेल ते करण्याची मोकळीक स्त्रीला असावी. या बाबतीत आपली परंपराही मार्गदर्शक आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कळांना 'आवी' म्हटले आहे. आवी आलेल्या स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे हे मत तेथे अमान्य केलेले असून, फेऱ्या मारणे मात्र करावे असे सांगितले आहे. कळ आलेली नसताना जोर करणे व्यर्थ व अपायकारक आहे, तसेच अनुभवी व प्रेमळ स्त्रियांनी भोवती बसून तिला धीर द्यावा, असाही उपदेश तेथे आढळतो. आजचे शास्त्र याहून वेगळे सांगत नाही.

तिसरा उपाय स्पर्शाचा व उष्णतेचा. कळ येते तेव्हा माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने घट्ट दाब दिला असता कमरेची वेदना पुष्कळ हलकी होते. कोमट पाण्याने स्नान, कमरेला सोसवेल अशा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, कपाळावर ओला रुमाल, या गोष्टींना खर्च नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोट घोट पाणी, सरबत, पेज असे हलके पदार्थ द्यावेत आणि दर दोन तासांनी लघवीस जाण्याची आठवण करावी. भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडविते.

औषधोपचारांचाही इतिहास जुना आहे. एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत प्रथम ईथर व त्याच वर्षी क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतल्यावर हा विरोध मावळू लागला. आज मोठ्या रुग्णालयांत पाठीच्या कण्यातून देण्याची एपिड्यूरल भूल, नायट्रस ऑक्साइड व प्राणवायूचे निम्मे-निम्मे मिश्रण हुंगविणे, तसेच वेदनाशामक इंजेक्शने हे मार्ग उपलब्ध आहेत. यासाठी भूलतज्ज्ञ अथवा प्रशिक्षित कर्मचारी व देखरेख लागते. वेदना कमी करण्याची मागणी करणारी स्त्री नाजूक अथवा लाडावलेली असते, ही समजूत टाकून दिली पाहिजे. सोसणे हे काही मातृत्वाच्या परीक्षेचे माप नव्हे.

सोबतीचे मोल

या सर्व उपायांत सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे सतत जवळ असणारे माणूस. ग्वाटेमाला देशातील एका रुग्णालयात झालेला व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ज्या पहिलटकरणींजवळ एक साधी, अपरिचित परंतु प्रेमळ स्त्री सतत बसून राहिली, त्यांची प्रसूती एकट्या ठेवलेल्या स्त्रियांपेक्षा लवकर झाली. त्यानंतर अनेक देशांत असे प्रयोग झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २६ चाचण्या व पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव एकत्र पाहण्यात आला. सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आणि वेदनाशामकांची गरजही कमी असल्याचे त्यातून दिसून आले.

भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्याविषयी सूचना दिल्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेबरोबर सन्मानपूर्वक वागणुकीचाही समावेश करण्यात आला. या सूचना कागदावर राहू नयेत यासाठी दोन खाटांमध्ये पडदा, बसावयास एक स्टूल, जवळ शौचालय व पिण्याचे पाणी एवढीच सामग्री लागते. कळांनी व्याकूळ झालेल्या स्त्रीला उपहासाने बोलणे, दरडावणे अथवा चापट मारणे हे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. असा अनुभव आलेली स्त्री पुढच्या खेपेस रुग्णालयात येण्यास कचरते आणि तिची हकिकत ऐकून वस्तीतील आणखी दहाजणीही कचरतात.

धोका केव्हा समजावा?

धीर धरणे व दिरंगाई करणे यांत फरक आहे. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसताच वेळ न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे : नऊ महिने भरण्यापूर्वीच नियमित कळा सुरू होणे, अंगावरून लाल रक्त जाणे, पाणमोट फुटून हिरवट पाणी जाणे, अथवा पाणी जाऊनही कळा न येणे, मध्ये विसावा न पडता पोट सतत ताठ व दुखरे राहणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी अथवा झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, नाळ, हात अथवा पाय प्रथम बाहेर दिसणे. पूर्वी शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास कळांची वाट न पाहता आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने जागा ठरवावी.

दोन घातक प्रथांचा येथे स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. एक, बाळ लवकर बाहेर यावे म्हणून पोटावर जोराने दाबणे. दुसरी, घरी अथवा अपात्र व्यक्तीकडून 'कळा येण्याचे इंजेक्शन' देणे. ज्या ऑक्सिटोसिनमुळे नैसर्गिक कळा येतात, तेच बाहेरून बेहिशेबी दिले असता कळांमधील विसावा नाहीसा होतो, बाळाचा प्राणवायू तुटतो आणि गर्भाशय फाटण्याचा प्रसंग येतो. हेच औषध प्रसूतीनंतर लगेच, प्रशिक्षित हातांनी दिले असता रक्तस्राव रोखून मातेचा जीव वाचविते. औषध एकच, वेळ आणि हात यांनी फरक पडतो.

महाराष्ट्र : मागील वाट व पुढील काम

कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी माता झाल्या व त्यांचे बाळ दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा निर्धार घडला. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून राज्याने लांबचा पल्ला गाठला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या; देशाचे प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, तर देशाचे ९७ होते.

प्रसूती रुग्णालयात होऊ लागली, हे यश मोठे आहे. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचणे आणि आत धीराने, सन्मानाने मोकळे होणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शिवाय उरलेले पाच टक्के कोण, याचाही विचार व्हावा. दुर्गम पाड्यावरील आदिवासी स्त्री, गळिताच्या हंगामात कोयता घेऊन गाव सोडून गेलेली ऊसतोड कामगार स्त्री, वीटभट्टीवरील मजूर स्त्री यांना कळा सुरू होतात तेव्हा ओळखीची परिचारिका जवळ नसते. अशा स्त्रीजवळ माता-बाल संरक्षण कार्ड असणे व मुक्कामाच्या गावातील आशा कार्यकर्तीला तिची नोंद असणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

योजनांचा आधार उपलब्ध आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, आहार व ने-आण यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. दुर्गम आदिवासी भागांत दिवस भरलेल्या स्त्रीला आधीच आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून 'माहेरघर' ही सोय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागविता येते.

ग्रामपंचायत सदस्यांनी पुढील तीन महिन्यांत बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी आशा कार्यकर्तीकडून समजून घ्यावी; पावसाळ्यापूर्वी त्यांच्या वस्तीचा रस्ता पाहावा; रुग्णवाहिका न आल्यास कोणाची जीप मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना गर्भाशय व प्रसूती यांविषयीचा धडा संकोचाने उरकून न टाकता नीट समजावून द्यावा, कारण आजची मुले ही उद्याची सोबत आहे. बालविवाह रोखणे हाही याच कामाचा भाग होय. अपरिपक्व शरीराला कळा अधिक धोक्याच्या ठरतात. अधिकाऱ्यांनी तपासणीस जाताना नोंदवह्यांबरोबर प्रसूतिकक्षातील पडदा, नळ व सोबतिणीचे स्टूलही पाहावे. घरातील पुरुषांनी शेवटच्या महिन्यात घराबाहेरचे मुक्काम टाळावेत, हाताशी पैसे व कार्ड ठेवावे आणि सोबत कोण राहणार हे गर्भवतीलाच विचारावे. सासूने राहावे की आईने, हा मानापानाचा प्रश्न नाही; जिच्या हाताने तिला धीर येईल तीच योग्य सोबत.

कळा कोणी दुसऱ्याच्या वाटून घेऊ शकत नाही. त्यांची ओळख आधी करून देणे, त्या वेळी हात धरून बसणे आणि धोका दिसताच धावणे एवढे मात्र कुटुंबाला, गावाला व शासनाला निश्चित करता येते. ते प्रत्येक गावात होऊ लागले, म्हणजे 'सुखरूप मोकळी झाली' या शब्दांतील भय सरेल व केवळ आनंद उरेल.